ब्रेल छपाईआधी फाइल तपासा

प्रश्न : वाचनालयासाठी मराठी गोष्टींची वर्ड फाइल सॉफ्टवेअरने ब्रेलमध्ये काढली; अर्धी पाने निरर्थक आली. काय चुकले?

उत्तर : ती पाने बहुधा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असावीत. पडद्यावर मराठी दिसली, तरी आत रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि सॉफ्टवेअर तेच वाचते. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदला. या बदलात ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात, म्हणून ‘किल्ला’, ‘सूर्य’ असे शब्द डोळ्यांखालून घाला. शीर्षक नुसते ठळक करू नका, हेडिंग स्टाइल द्या. परिच्छेद स्पेसबारने सरकवू नका. ब्रेलचे सॉफ्टवेअर डक्सबरी असो वा लिबलुई, त्यातला रूपांतराचा तक्ता मराठीचाच निवडा. शेवटी ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीकडून मुद्रितशोधन करून घ्याच. अंध मुलांनाही शुद्ध पुस्तकच मिळायला हवे.