वारुळातला म्हातारा आणि रात्रीची अस्वांग

भारताच्या पूर्वेला, दूर समुद्रात, फिलिपीन्स नावाचा देश आहे. तो सगळा बेटांचा आहे. लहानमोठी मिळून सात हजारांवर बेटे आहेत. तिथले शेतकरी भात पिकवतात. चिखलणीला रेडा जुंपतात. स्पेन देशाच्या लोकांनी तिथे तीनशेहून जास्त वर्षे राज्य केले. ते राज्य १८९८ साली संपले. त्या काळात तिथले बहुतेक लोक ख्रिस्ती झाले. पण रानातली, झाडावरची, वारुळातली मंडळी काही गेली नाहीत. ती लोकांच्या बोलण्यात तशीच राहिली.

रानात, डोंगरात राहणाऱ्या शक्तीला ते लोक 'दिवाता' म्हणतात. शब्द ओळखीचा वाटतो ना? तो आपला 'देवता' हाच शब्द आहे. फार जुन्या काळी व्यापाराच्या वाटेने कितीतरी संस्कृत शब्द तिकडे पोचले. त्यांतलाच हा एक.

आता वारुळातला म्हातारा. त्याचे नाव 'नुनो'. नुनो म्हणजे आजा, पूर्वज. तो वीतभर उंचीचा असतो, दाढी लांब असते, आणि वारुळात राहतो, असे म्हणतात. वारुळावर पाय पडला, कुणी लघवीला बसले, की तो रागावतो. मग पाय सुजतो, अंगावर फोड येतात. म्हणून रानातून जाताना लोक मोठ्याने म्हणतात, "ताबी ताबी पो." म्हणजे, "जरा बाजूला व्हा जी, आम्ही जातो आहोत." यातला 'पो' हा वडीलधाऱ्यांशी बोलायचा मानाचा शब्द आहे. शहरात शिकलेली माणसेसुद्धा हे शब्द पुटपुटतात बरं का!

तरीही पाय सुजलाच तर? मग गावच्या वैदूकडे जातात. तो तुरटी विस्तवावर धरतो. तिचा आकार कसा होतो ते पाहून कुणाचा कोप झाला ते सांगतो. तुरटीने दृष्ट काढणाऱ्या आपल्या आयाबायांना यात काही नवल वाटणार नाही. पण सुजलेला पाय सापविंचवाचा असू शकतो. काटा आत राहून पू झालेला असू शकतो. तुरटीपुढे दोन दिवस बसून राहिले, तर ते दोन दिवस वाया जातात.

झाडावर बसून विडी ओढणारा काळा राक्षस आहे. त्याला काप्रे म्हणतात. घोड्याच्या तोंडाचा तिकबालांग आहे. तो वाटसरूंना चकवतो. तेव्हा अंगातला सदरा उलटा करून घालायचा, की वाट सापडते. हे दोघे भिववतात, खोड्या करतात. मुले यांच्या गोष्टी हसत हसत ऐकतात.

अस्वांगचे नाव निघाले, की मात्र हसणे थांबते.

अस्वांग दिवसा साधी माणसासारखी असते. बहुधा बाईच. शेजारी राहते, बाजारात भेटते. रात्री ती कुत्रा होते, डुक्कर होते, पाखरू होते. तिला पोटातला गर्भ हवा असतो. एक जात तर कमरेपासून तुटून वरच्या अर्ध्या अंगाने उडते, आणि घराच्या छपरातून लांब जीभ खाली सोडते. तिच्याबरोबर एक पाखरू असते. ते 'टिक टिक' ओरडते. आवाज मोठा आला, तर ती लांब आहे. आवाज बारीक झाला, तर ती अगदी जवळ आली! गरोदर बाईचा नवरा मग कोयता घेऊन रात्रभर जागतो. घरात मीठ नि लसूण ठेवतात.

जिथे दवाखाना लांब, तिथे पोट पडले किंवा मूल दगावले, तर आईबापाला कारण हवे असते. अस्वांग ते कारण देते. पण अस्वांग शेजारी राहते म्हटल्यावर बोट कुणाकडे तरी जाणारच. ते जाते गावाच्या कडेला एकटी राहणाऱ्या म्हातारीकडे.

पानाय बेटावर कापिझ नावाचा भाग आहे. तो अस्वांगचा मुलूख म्हणून देशभर बदनाम आहे. त्याच बेटावर एक आजार आढळतो. तरणाताठा माणूस चाळिशीला येतो, आणि त्याची मान, जबडा, जीभ आपोआप पिळवटू लागते. बोलता येत नाही, घास गिळवत नाही. १९७६ साली डॉक्टरांनी हा आजार नीट लिहून काढला. तो आईच्या कुळातून मुलाला येतो. आई स्वतः बहुधा धडधाकट असते. या आजाऱ्यांना पाहूनच कापिझला अस्वांगचे नाव चिकटले, असे काही जाणकार म्हणतात. तसे थोडेफार झाले असेल. पण हा आजार बहुतेक पुरुषांना होतो आणि अस्वांग तर बहुधा बाई! शिवाय १५८९ साली एका स्पॅनिश पाद्र्याने अस्वांगबद्दल लिहिले आहे. तेव्हा सगळी गोष्ट एका आजारातून निघाली, हे मला पटत नाही. आजारी माणसाला लोक टाळू लागतात, एवढे मात्र खरे.

या भीतीचा एकदा लढाईत उपयोग केला गेला. १९५० नंतरची ही गोष्ट. लुझोन बेटावर हुक नावाचे शेतकरी बंडखोर सरकारशी लढत होते. त्यांची एक टोळी एका टेकडीवर दबा धरून होती. लान्सडेल नावाचा अमेरिकन अधिकारी सरकारच्या मदतीला होता. त्याच्या माणसांनी आधी गावात हूल उठवली, की टेकडीवर अस्वांग राहते. दोन रात्री जाऊ दिल्या. मग अंधारात वाटेवरून जाणाऱ्या बंडखोरांतला शेवटचा माणूस गुपचूप पकडला. त्याच्या मानेला दोन भोके पाडली, पाय वर धरून रक्त काढले, आणि प्रेत वाटेवर ठेवून दिले. सोबत्यांनी ते पाहिले. उजाडताच सगळी टोळी टेकडी सोडून निघून गेली.

लान्सडेलने ही हकिकत १९७२ साली आपल्या पुस्तकात स्वतःच लिहिली आहे.