डिझेल मोटारीचा खरा हिशेब
(ऊस विकास विभागाकडून)



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की गावोगावी एक चर्चा हमखास सुरू होते. "औंदा गाडी घ्यायची. डिझेलच घ्यायची. डिझेलला अ‍ॅव्हरेज चांगलं पडतं." आम्ही गटात फिरतो तेव्हा आडसाली लागणीच्या गोष्टी बाजूला राहतात आणि आम्हालाच विचारतात, "साहेब, कुठली घेऊ?" कुठली गाडी घ्यावी हे सांगणे आमचे काम नव्हे. परंतु अठरा महिने राबून आलेला पैसा एका सहीने जायचा असेल, तर त्याचा हिशेब कसा मांडावा एवढे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

१. डिझेल जास्त का धावते?

याची कारणे दोन. पहिले म्हणजे डिझेल पेट्रोलपेक्षा जड असते, आणि एका लिटरात सुमारे १० टक्के जास्त ऊर्जा असते. दुसरे म्हणजे डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा जोरात दाबली जाते, ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. दाब जास्त असल्याने उष्णतेचा मोठा हिस्सा कामी येतो. म्हणून डिझेल गाडी लिटरला जास्त अंतर जाते, ही गोष्ट खरी आहे. पण तेवढ्यावर हिशेब संपत नाही.

२. कागदावरचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा

गाडीच्या जाहिरातीत जो आकडा असतो तो चाचणीतला असतो. अशी चाचणी प्रयोगशाळेत, गाडीची चाके रोलरवर फिरवून, ठरलेल्या वेगाने आणि ठरलेल्या वेळात केली जाते. तेथे खड्डा नाही, घाट नाही, पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टरही नाही. त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उपयोगी पडतो, पण आपला खर्च काढायला नाही. उसात जेवढी साखर असते तेवढी सगळी पोत्यात पडत नाही, हे आपणास ठाऊकच आहे. गाडीचेही तसेच.

रस्त्यावर आकडा कमी होण्याची मुख्य कारणे अशी :

(अ) थंड इंजिन. वस्तीवरून गावात आणि गावातून कारखान्यावर अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन तापतच नाही.
(आ) वेग. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. महामार्गावर ताशी ८० आणि ११० यांत फार फरक पडतो.
(इ) टायरमध्ये हवा कमी, टपावर कॅरिअर आणि डिकीत कायमचे ओझे.
(ई) एसी लावून, इंजिन चालू ठेवून गप्पा मारीत उभे राहणे. त्या वेळी डिझेल जळते आणि अंतर मात्र शून्य.

३. आपल्या गाडीचा आकडा आपणच काढावा

उसाच्या फडाकडे बघून टनेज सांगणारे पुष्कळ असतात, पण पैसे काट्यावरच्या वजनाचे मिळतात. गाडीलाही काटा लावावा. टाकी पंपाच्या नोजलची पहिली खटकी पडेपर्यंत भरावी आणि मीटरचा आकडा वहीत लिहावा. नेहमीसारखी गाडी वापरावी. पुन्हा भरताना शक्यतो त्याच पंपावर, पहिल्या खटकीपर्यंतच भरावी.

समजा, पहिला आकडा ४२,३१० होता आणि दुसरा ४२,८६२ आहे. अंतर ५५२ किलोमीटर झाले. दुसऱ्या वेळी ३४.५ लिटर बसले. ५५२ भागिले ३४.५ म्हणजे लिटरला १६ किलोमीटर. असे लागोपाठ चार-पाच वेळा करून सरासरी काढावी. एकाच वेळचा आकडा फसवतो.

४. नफ्या-तोट्याचा हिशेब

आता एकाच नमुन्याच्या दोन गाड्या घेऊ. खालील आकडे केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. आपल्या पंपावरचा भाव आणि आपल्या गाडीचा आकडा घालून हिशेब पुन्हा करावा.

पेट्रोल १०४ रुपये, लिटरला १३ किलोमीटर : किलोमीटरला ८ रुपये.
डिझेल ९१ रुपये, लिटरला १७.५ किलोमीटर : किलोमीटरला ५ रुपये २० पैसे.
बचत : किलोमीटरला २ रुपये ८० पैसे.

डिझेल गाडी दीड लाखाने महाग आहे असे धरू. महाराष्ट्रात डिझेल मोटारीवरील एकरकमी कराचा दरही पेट्रोलपेक्षा जास्त असतो, तोही या दीड लाखातच धरला आहे. सर्व्हिसिंग, फिल्टर आणि विमा यांचा वर्षाचा जादा खर्च ७,००० रुपये धरू.

वर्षाला ८,००० कि.मी. : बचत २२,४०० वजा ७,००० = १५,४००. दीड लाख फिटायला पावणेदहा वर्षे.
वर्षाला १५,००० कि.मी. : ४२,००० वजा ७,००० = ३५,०००. सुमारे सव्वाचार वर्षे.
वर्षाला २५,००० कि.मी. : ७०,००० वजा ७,००० = ६३,०००. अडीच वर्षांच्या आत.

यात व्याज धरलेले नाही. हे दीड लाख ९ टक्क्यांनी कर्जाऊ आणले, तर पहिल्या वर्षीच १३,५०० रुपये व्याज. म्हणजे ८,००० किलोमीटरवाल्याच्या हातात वर्षाअखेर १,९०० रुपये राहतात. गाडी विकताना डिझेलला थोडे जास्त येतीलही, पण त्या भरवशावर आज कर्ज काढणे शहाणपणाचे नाही.

पूर्वी गणित निराळे होते. २०१२ साली दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि दोहोंतील अंतर घटले. "डिझेल म्हणजे स्वस्त" ही समजूत त्या जुन्या काळातली आहे.

५. नव्या डिझेल गाडीचे पथ्यपाणी

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. धूर पुरेसा तापला की ती काजळी जळून जाळी मोकळी होते. रोज तीन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत ती जळत नाही, जाळी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागल्यास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग चालवावी. दुर्लक्ष केल्यास खर्च मोठा येतो.

काही गाड्यांत डीईएफ नावाचे पाणी वेगळ्या टाकीत घालावे लागते. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो. "युरिया तर आपल्या घरात पोत्यानं आहे" असे म्हणून कोणीही शेतातला युरिया विरघळवून त्यात घालू नये! खताच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. त्याने ती यंत्रणा निकामी होते. शिवाय अनुदानाचे खत शेतीखेरीज वापरणे कायद्यानेही चालत नाही.

६. पेट्रोलचीही दुसरी बाजू

आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. सहकारी कारखान्यांच्या आसवन्यांना त्याचा आधार आहे, म्हणून आपण त्याची बाजू घेतो. पण हिशेबात आपपरभाव नको. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे अशा मिश्रणात ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी भरते. त्यासाठी बनवलेले इंजिन त्यातली काही तूट भरून काढते, जुने इंजिन तितकी काढीत नाही. म्हणून पेट्रोल गाडीचा आकडाही आजच्या पेट्रोलवरच मोजावा, पाच वर्षांपूर्वीचा धरू नये.

सारांश

ज्यांना रोज तालुक्याला किंवा त्याहून लांब जावे लागते, ज्यांचे वर्षाला १५ हजार किलोमीटरच्या वर फिरणे आहे, त्यांनी डिझेलचा जरूर विचार करावा. ज्यांची गाडी लग्नकार्य, दवाखाना आणि आठवडी बाजार एवढ्यापुरतीच निघते, त्यांना पेट्रोल परवडेल. आणि शेजाऱ्याने घेतली म्हणून घ्यायची असेल, तर कुठलीच परवडणार नाही.

गाडी घेण्यापूर्वी एक महिना आपण कोठे कोठे गेलो, किती किलोमीटर झाले, हे वहीत मांडावे आणि त्याला बाराने गुणावे. कोणास हिशेब अडल्यास ती वही घेऊन आपल्या गट कार्यालयात यावे. आमचे ऊस सहाय्यक तो बसून करून देतील. दीड लाख रुपयांत ठिबकचे काय होईल, बेण्याचे काय होईल, तेही त्याच वहीच्या पुढच्या पानावर मांडू, आणि मग आपणच ठरवावे.