बजीचा पिंजरा कुठे ठेवाल?

बऱ्याच घरांत या प्रश्नाचं उत्तर 'स्वयंपाकघराजवळ' असंच येतं. तिथे उजेड असतो, दिवसभर कुणाची तरी ये-जा असते, आणि थव्याने राहणाऱ्या या पक्ष्याला सोबत लागतेच. सोबतीचा विचार अगदी बरोबर आहे. जागा मात्र घरातली सगळ्यात धोक्याची आहे.

आधी थोडी ओळख. भारतात दुकानदार सरसकट 'लव्हबर्ड' म्हणून जे पक्षी विकतात, ते बहुतेक वेळा बजीच असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि आखूड शेपटीचे. बजी हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला छोटा पोपट. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला. इथे अमेरिकेतल्या दुकानांत त्याला 'पॅराकीट' म्हणतात. वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम.

आता त्याच्या श्वासाकडे बघा. आपण हवा ज्या वाटेने आत घेतो त्याच वाटेने बाहेर सोडतो, त्यामुळे फुप्फुसात थोडी शिळी हवा कायम उरते. पक्ष्यांमध्ये फुप्फुसांना जोडलेल्या पातळ वायुपिशव्या भात्यासारख्या चालतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते. श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा मिळते. उडण्यासाठी लागणारा भरपूर प्राणवायू असा मिळतो, पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच झपाट्याने शरीरात जातं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी ठेवत, ते याच कारणाने.

तुमच्या घरातला असा वायू येतो नॉनस्टिक तव्यातून. टेफ्लॉनसारखा थर साधारण २६० अंश सेल्सियसच्या पुढे तापला की त्यातून वायू आणि अतिसूक्ष्म कण सुटू लागतात. त्यांना रंग नसतो, वासही जाणवेलच असं नाही. माणसाला फार तर काही तासांनी फ्लूसारखा ताप येतो. बजीच्या फुप्फुसांत मात्र रक्तस्राव होतो आणि तो काही मिनिटांत दगावू शकतो. यावर उतारा नाही.

तव्यात पाणी किंवा भाजी असेल तर तापमान सहसा इतकं चढत नाही. पण आपली पद्धत आठवा! डोशासाठी रिकामा तवा कडक तापवायचा, पुढची पोळी लाटून होईपर्यंत तवा मोठ्या आचेवर तसाच. त्यात हिवाळ्यात खिडक्या बंद आणि हीटिंगच्या झरोक्यांतून सगळ्या खोल्यांत तीच हवा फिरते, त्यामुळे पिंजरा दुसऱ्या खोलीत नेऊन दार लावणं पुरेसं नाही. बजी घरात असेल तर लोखंडी किंवा बिडाचा तवा वापरा. पोळ्या तशाही त्यावर चांगल्या होतात. एअर फ्रायर, रूम हीटर यांना आतून असा थर आहे का तेही बघा, आणि ओव्हनचं 'सेल्फ क्लीन' बटण विसरून जा. उदबत्ती, धूप, फोडणीचा धूर, सुगंधी फवारे हे इतके झटपट मारक नसले तरी त्याच्या श्वासनलिकेला त्रास देतातच. देवघर आणि पिंजरा एका खोलीत नको.

बाकीची काळजी तशी सोपी आहे. पिंजरा उंचीपेक्षा रुंदीला मोठा घ्या, कारण बजी आडवा उडतो. गजांमध्ये अर्ध्या इंचापेक्षा जास्त अंतर नको. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता. नुसत्या दाण्यांवर अ जीवनसत्त्व आणि आयोडीन कमी पडतं, म्हणून पेलेट्स हळूहळू सुरू करा आणि रोज कोथिंबीर, किसलेलं गाजर, ब्रोकोली द्या. राळ्याचं कणीस हा खाऊ, जेवण नव्हे. अवोकाडो, चॉकलेट, कांदा-लसूण आणि खारट फरसाण अजिबात नको. एक गंमत लक्षात ठेवा: बजी दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वरून भरलेली दिसणारी वाटी रिकामी असू शकते, म्हणून रोज फुंकर मारून बघा.

आजारपण ओळखणं मात्र अवघड. थव्यात अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो, म्हणून बजी शेवटपर्यंत दुखणं लपवतो. पिसं फुगवून बसणं, श्वासागणिक शेपटी हलणं, पिंजऱ्याच्या तळाशी उतरणं ही लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. वजन त्याआधीच घटू लागतं. ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या आणि आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्याआधी वजन लिहून ठेवा. ३५ ग्रॅमच्या बजीचे साडेतीन ग्रॅम कमी झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी तपासत नाहीत, तेव्हा पक्ष्यांच्या डॉक्टरांचा नंबर बजी घरी आणण्यापूर्वीच शोधून ठेवा.