डिझेल इंजिनातील काजळी : कारणे, सफाई व प्रतिबंध

नंदुरबार जिल्ह्यात तापी व गोमाई या नद्यांच्या काठी केळी, पपई, ऊस व मिरची ही पिके पाण्याच्या भरवशावर उभी असतात. वीजपंपांचा आणि अलीकडे सौरपंपांचा प्रसार झाला असला, तरी जेथे विजेची तार शेतापर्यंत पोहोचलेली नाही किंवा ऐन वेळी वीज मिळत नाही, तेथे पाणी उचलण्यासाठी डिझेल इंजिनाचाच आधार घ्यावा लागतो. अक्राणी व अक्कलकुवा या डोंगराळ तालुक्यांत तर हे विशेषच खरे आहे. नांगरटीच्या ट्रॅक्टरलाही डिझेल इंजिनच असते. पाण्याच्या पाळीच्या दिवशी इंजिन अडले, तर मिरचीचा फुलोरा गळतो, केळीचे घड पोसत नाहीत आणि मिस्त्री मिळेपर्यंतचे नुकसान भरून निघत नाही. इंजिन असे अडण्याच्या कारणांत काजळी हे एक प्रमुख कारण होय.

काजळी धरली की ती खरडून काढणे एवढाच उपाय पुष्कळांना ठाऊक असतो. परंतु काजळी हा मूळ दोष नसून दोषाचे लक्षण आहे. मूळ कारण दूर न करता केलेली सफाई फार दिवस टिकत नाही.

काजळी कशी धरते

कंदिलाची वात प्रमाणाबाहेर वर केली की ज्योत वाढते, पण काच काळी होते. तेल जास्त आणि हवा कमी, हे त्याचे कारण. इंजिनातही हेच घडते. पाण्याच्या पंपाची व ट्रॅक्टरची आजची बहुतेक इंजिने अशी असतात की, त्यांत डिझेल सिलिंडरमध्येच थेट फवारले जाते. पिस्टन हवा दाबतो, त्या दाबाने हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि नोझलच्या केसासारख्या बारीक छिद्रांतून आलेला फवारा त्या उष्णतेने पेटतो. येथे ठिणगीची गरज नसते.

एक लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे १२ किलो, म्हणजे सुमारे १० घनमीटर हवा लागते. प्रत्यक्षात त्याहूनही अधिक हवा मिळाली तरच ज्वलन स्वच्छ होते. हवा कमी पडली किंवा फवारा बारीक न होता थेंब पडू लागले, म्हणजे डिझेल अर्धवट जळते व त्याची काजळी होते. वंगणाचे तेल जळल्यानेही काजळीत भर पडते. ही काजळी नोझलच्या टोकाशी, पिस्टनच्या माथ्यावर, रिंगांच्या खाचांत, धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर आणि सायलेन्सरमध्ये साचते. रिंगा खाचांत चिकटल्या की दाब निसटतो, इंजिन चालू करणे जड जाते, ताकद घटते आणि सिलिंडर लवकर झिजतो.

काजळीची खरी कारणे

(१) जादा भार : उन्हाळ्यात नदीचे पात्र आक्रसते, विहिरीचे पाणी खाली जाते आणि पाटात पाणी कमी येते. अशा वेळी पुष्कळ शेतकरी इंजिनाची गती वाढवितात किंवा पुली बदलून पंप अधिक वेगाने फिरवितात. पंपाची गती एक-दशांशाने वाढविली, तर त्यास लागणारी शक्ती साधारणतः एक-तृतीयांशाने वाढते. हा भार इंजिनाला पेलत नाही व ते काळा धूर ओकू लागते. पंप, पुली व इंजिन यांचा मेळ प्रथमपासून बसविलेला असावा आणि तो मोडू नये. अरुंद पाइप, अनावश्यक वाकणे व अडखळत उघडणारा फुटव्हॉल्व्ह यांनीही डिझेल वाया जाते.

(२) हवेची अडचण : काळ्या जमिनीची धूळ, कापसाचे तंतू व मळणीचा भुसा यांनी हवाशुद्धक लवकर तुंबतो. तेलाच्या हवाशुद्धकातील तेल खुणेपर्यंतच भरावे व मळताच बदलावे. कागदी गाळणी पाण्याने धुऊ नये. ती हलकेच झटकावी व निकामी होताच बदलावी. हवाशुद्धक काढून टाकून इंजिन चालविणे हा उपाय नव्हे, त्याने धूळ आत जाऊन सिलिंडरच झिजतो.

(३) अतिथंड इंजिन : पंपाचे गार पाणी सरळ इंजिनातून खेळविण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. इंजिन थंड राहिले तर बरे, असा समज असतो, पण तो चुकीचा आहे. थंड सिलिंडरात डिझेल नीट जळत नाही. इंजिनातून बाहेर पडणारे पाणी हाताला चटका बसेल इतके गरम असावे, मात्र उकळता कामा नये. त्यासाठी इंजिनात जाणाऱ्या पाण्याचा कॉक आवश्यक तेवढाच उघडावा. बिनभाराने तासन् तास इंजिन चालू ठेवल्यानेही हाच दोष उत्पन्न होतो.

(४) नोझल व तेल : झिजलेले नोझल, फवाऱ्याची चुकलेली वेळ, पाणी किंवा गाळ मिसळलेले डिझेल आणि हलक्या प्रतीचे वंगण ही उरलेली कारणे होत. डिझेल झाकलेल्या भांड्यात निवळू द्यावे व गाळूनच टाकीत भरावे. वंगण पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे असावे व सांगितलेल्या तासांनी बदलावे.

धुराची व डिझेलची परीक्षा

इंजिन खोलण्यापूर्वी धूर पाहावा. सतत काळा धूर दिसल्यास जादा भार, हवेची अडचण किंवा नोझलचा दोष समजावा. निळसर धूर म्हणजे वंगण जळत आहे. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा आत शिरलेल्या पाण्याचा असतो. थंडीच्या दिवसांत सुरू करताना थोडा वेळ पांढरा धूर येणे हा दोष नव्हे.

दुसरी परीक्षा डिझेलची. टाकी काठोकाठ भरून इंजिन नेहमीच्या भाराने एक तास चालवावे व टाकी पुन्हा काठोकाठ भरण्यास किती डिझेल लागले, ते मापाने पाहावे. सुस्थितीतील ५ अश्वशक्तीच्या इंजिनास पूर्ण भारावर तासाला सुमारे १.२ लिटर डिझेल लागते. समजा, ते १.५ लिटर लागू लागले, तर दहा तासांच्या पाळीत ३ लिटर डिझेल धुरावाटे गेले, असा हिशेब होतो. सफाईपूर्वी व सफाईनंतर ही परीक्षा केल्यास लाभ आकड्यांत दिसतो.

सफाईची रीत

सफाई हंगाम सरल्यावर, जाणत्या मिस्त्रीकडून करवावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे व त्यातील पाणी काढून टाकावे. प्रथम सायलेन्सर व धुराचा पाइप सोडवून ठोकून व खरडून मोकळा करावा. पुष्कळदा एवढ्यानेच फरक पडतो.

नंतर हेडच्या नटा समोरासमोरच्या क्रमाने थोड्याथोड्या सैल करून हेड उचलावे. पिस्टन सर्वांत वरच्या टोकाला आणून त्याच्या कडेची फट ग्रीसने भरावी, म्हणजे काजळीचे कण खाली उतरत नाहीत. काजळी राकेलने भिजवून लाकडी किंवा पितळी पट्टीने काढावी. पिस्टन मऊ धातूचा असल्याने छिन्नी वा पटाशी लावू नये, कारण ओरखड्यांत काजळी पुन्हा लवकर धरते. काम संपताच ग्रीस कणांसह पुसून घ्यावे. रिंगा चिकटल्या असतील, तर पिस्टन बाहेर काढून खाचा व तेल परतण्याची छिद्रे मोकळी करावीत. व्हॉल्व्ह बैठकीवर घासून बसवावेत व राकेल ओतून गळती पाहावी.

नोझलचे टोक डिझेलमध्ये भिजवून पितळी तारेच्या ब्रशने साफ करावे. छिद्रांत टाचणी किंवा साधी तार घालू नये, त्याने छिद्र मोठे होऊन फवारा बिघडतो. फवाऱ्याचा दाब व आकार यंत्रावरच तपासून घ्यावा.

जोडताना नवी गॅसकेट घालावी, नटा समोरासमोरच्या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळाव्यात आणि व्हॉल्व्हची फट मापाने लावावी.

घ्यावयाची दक्षता

नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कदापि धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो व अशा जखमेस तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. कोरडी काजळी उडवू नये, नाकातोंडाला फडके बांधावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत केला आहे. पाणी खाली गेले म्हणून इंजिन विहिरीत उतरवून चालवू नये. त्याचा विषारी वायू विहिरीत कोंडतो व आत उतरलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

मोटारगाडीची इंजिने

आता खेड्यांतही मोटारगाड्या आल्या आहेत. काही नव्या पेट्रोल गाड्यांतही पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. १९९६ मध्ये जपानच्या मित्सुबिशी कंपनीने अशी गाडी बाजारात आणली व पुढे ही पद्धत जगभर पसरली. जुन्या पद्धतीत पेट्रोल हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवरून जात असल्याने तो धुतला जाई. नव्या पद्धतीत तसे होत नाही आणि वंगणाच्या वाफा त्या व्हॉल्व्हवर बसून काजळी धरते. टाकीत औषध ओतल्याने ती निघत नाही, कारण पेट्रोल तेथे पोहोचतच नाही. कारखान्यात अक्रोडाच्या कवचाची भरड हवेच्या झोताने मारून ती काढतात. हे काम घरी करू नये.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील एक काळा धूर सोडणारे इंजिन निवडून त्यावर प्रात्यक्षिक घ्यावे. प्रथम तासाचे डिझेल मोजावे. नंतर काहीही न खोलता हवाशुद्धक साफ करावा, पुली मूळ मापाची बसवावी, पाण्याचा कॉक योग्य तेवढा उघडावा आणि पुन्हा डिझेल मोजावे. धूर एवढ्याने थांबला नाही, तरच इंजिन खोलण्याचा सल्ला द्यावा. प्रत्येक शेतकऱ्याने इंजिनाचे तास, डिझेल व वंगण यांची नोंद एका वहीत ठेवावी. तीत डिझेलचा आकडा चढू लागला, की धूर दिसण्यापूर्वीच दोष कळतो आणि उन्हाळी पाळ्या सुरू होण्याआधी दुरुस्ती करून घेण्यास वेळ मिळतो.