फेरफाराची नोंद आणि संगणकाची नोंदवही

वऱ्हाडातील शेतकऱ्याला सातबाऱ्याचे मोल सांगावयास नको. खरिपाच्या तोंडावर पीककर्ज काढावयाचे असो वा भावाभावांत वाटणी व्हावयाची असो, सातबारा लागतोच. परंतु सातबाऱ्यावर नाव चढण्यापूर्वी ते गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, यावे लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० अन्वये नोंद प्रथम होते, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच अधिकार अभिलेखात बदल होतो. वाद उद्भवल्यास फेरफाराचा क्रमांक शोधला जातो, तो यासाठीच.

संगणकातील माहितीसंचही याच शिस्तीने चालतो. प्रत्येक बदल प्रथम ‘लॉग’ या नोंदवहीत लिहिला जातो. ती नोंद डिस्कवर कायम झाल्यावरच व्यवहार पूर्ण झाल्याचे संगणक सांगतो. मूळ तक्त्यातील दुरुस्ती मागाहूनही होऊ शकते. मध्येच वीज गेली, तर यंत्र सुरू होताच लॉग वाचून पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा बसविले जातात व अर्धवट व्यवहार रद्द होतात. विक्रेत्याचे नाव कमी झाले, पण खरेदीदाराचे लागले नाही, अशी अवस्था त्यामुळे टळते. भारतीय वंशाचे संगणकशास्त्रज्ञ सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेली ‘एरीज’ ही पद्धत या क्षेत्रात पायाभूत मानली जाते.

अमरावती विभागातील सातबारे आज महाभूलेख संकेतस्थळावर पाहता येतात. डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे २०१८ पासून मिळू लागले. अशा सेवेचा लॉग नष्ट होणे म्हणजे फेरफार नोंदवहीची पाने फाटण्यासारखेच होय.

लॉग कोठे ठेवावा?

लॉग एकाच डिस्कवर असेल, तर डिस्क बिघडताच नोंदवहीही जाते. म्हणून मोठ्या संगणक केंद्रांत तो नेटवर्कवरील अखंड उपलब्धतेच्या साठवण यंत्रणेवर ठेवण्यात येतो. तेथे नियंत्रक दोन, नेटवर्कच्या व विजेच्या वाटा दोन आणि नोंदीच्या प्रतीही दोन असतात. एक अंग थांबले तर दुसरे काम उचलते.

यात तीन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत नोंद असताना यंत्रणेने ‘लिहिले’ अशी पोच देता कामा नये.

दुसरे, अंतराचा विचार. प्रत्येक व्यवहार पोच येईपर्यंत थांबतो. अमरावती ते अकोला सुमारे १०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येण्यास सेकंदाचा हजारावा भाग लागतो. हा विलंब सोसता येतो. अंतर १,००० किलोमीटर झाले की तो दहापट होतो. मग दूरची प्रत मागाहून पाठवावी लागते आणि अपघातात शेवटच्या काही नोंदी गमावण्याचा धोका राहतो.

तिसरे, जुळी प्रत ही राखीव प्रत नव्हे. चुकीने पुसलेली नोंद दोन्हीकडे पुसली जाते. म्हणून माहितीसंचाची राखीव प्रत आणि तिच्या नंतरचे सर्व लॉग वेगळ्या जागी जपावे लागतात, आणि त्यांवरून माहिती पुन्हा उभी करता येते की नाही, हे ठराविक काळाने करून पाहावे लागते. ही तपासणी नेमाने झाली, तर ऐन पेरणीच्या दिवसांत बँकेच्या दारी गेलेल्या शेतकऱ्याला ‘नोंद सापडत नाही’ हे उत्तर ऐकावे लागणार नाही.