कोनाड्यातली मिसरी

धम्मदीक्षेनंतर आपल्या पुष्कळ घरांतून दारू गेली. मिसरीची डबी मात्र कोनाड्यात तशीच राहिली. ती व्यसन आहे, असे कोणाला वाटतच नाही. "दातांना बरी असते," माझी आई म्हणायची.

मिसरी, म्हणजेच मशेरी, ही तंबाखूच आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची, झाली मिसरी. तंबाखू वाळवताना आणि मुरवताना तिच्यात नायट्रोसमाईन नावाची कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. भाजल्याने त्यांत करपण्यातून निघणाऱ्या आणखी घातक द्रव्यांची भर पडते. ही पूड हिरड्यांवर चोळून आपण तोंडात धरून बसतो, दिवसातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे. दाताचा ठणका थांबल्यासारखा वाटतो, पण कीड आत चालूच असते. "मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" ही तक्रार खोटी नाही. निकोटीन आतड्यांना चालना देते आणि शरीर त्याला सवकते. यालाच व्यसन म्हणतात!

गरोदर भगिनींनी तर फारच जपावे. मुंबईत झालेली एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत मिसरी व तत्सम तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे १०० ग्रॅमनी कमी आढळले.

पुरुषांनी हसू नये. तंबाखूत चुना मळला की निकोटीन लवकर भिनते आणि ओठाआतली नाजूक त्वचा सोलवटते. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे. तिने गाल आतून ताठरतात व तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तर सुपारी आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या घेऊन लोक हातावर मिसळू लागले. आणि ज्यांची दारू अद्याप सुटलेली नाही त्यांनी ऐकावे: तंबाखू व दारू एकत्र आल्या की तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. पाचवे शील घेताना हेही ध्यानात असू द्या.

महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून गाल, जीभ, हिरड्या पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. तपासणीसाठी तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत चुकीची आहे. तिच्यापायी लोक उशीर करतात आणि लवकर बरा होणारा रोग हाताबाहेर जातो.

आईच्या गालात असाच पांढरा चट्टा निघाला, तेव्हा तिने डबी सोडली. पहिले चार दिवस डोके दुखले, घरात सर्वांवर चिडचिड झाली. तलफ आली की ती बडीशेप चघळी, पाणी पिई, शेजारी जाऊन बसे. मी मात्र एक चूक केली होती. दुकानातून तिची तंबाखू लहानपणापासून मीच आणून देत होतो.