मिहानमध्ये वाघ आला कुठून?

प्रश्न : २०१९ च्या नोव्हेंबरात मिहानमध्ये आयटी कंपन्यांच्या परिसरात वाघ आला होता, ट्रॅप कॅमेऱ्यात त्याचा फोटोही निघाला. जंगलात शिकार आणि पाणी असताना वाघ शहराच्या वेशीवर का येतो? वाट चुकतो का?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : वाट चुकत नाही, तो जागा शोधायला निघालेला असतो. बछडे दीड-दोन वर्षं आईबरोबर राहतात. आईची पुढची वीण जवळ आली की त्यांना आपापली सोय बघावी लागते. मुली बहुतेक वेळा आईच्या शेजारीच हद्द धरतात, कधी कधी आईच आपल्या हद्दीतला तुकडा त्यांना सोडते. तरण्या नराला मात्र तिथं थारा नसतो. जिकडं जाईल तिकडं एखाद्या थोराड नराचा अंमल असतो आणि झुंज झाली तर जिवावर बेतते. मग तो चालत सुटतो. नागपूरच्या भोवती बोर, पेंच, उमरेड-कऱ्हांडला अशी वाघांची जंगलं आहेत. त्यामुळं या तरण्या वाघांच्या वाटा शहराजवळून जाणारच.

किती चालतात, ते ऐकून विश्वास बसत नाही. मिहानमध्ये वाघ दिसला त्याच सुमारास यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर बुलढाण्याच्या वाटेवर होता. भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावली होती. जूनमध्ये त्यानं टिपेश्वर सोडलं. तेलंगणातलं आदिलाबाद, मग परत महाराष्ट्र, असं करत डिसेंबरच्या सुरुवातीला तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तेव्हा त्याची चाल १,३०० किलोमीटरच्या वर गेली होती. २०२० च्या एप्रिलमध्ये कॉलर काढली तोवर हा आकडा ३,००० च्या पुढं होता. त्याला ‘वॉकर’ असं नाव पडलं.

एवढ्या प्रवासात तो फार थोड्या माणसांच्या नजरेस पडला. चाल रात्रीची, दिवस नाल्यात किंवा झुडपात काढायचा. पावसाळा सरता सरता आपल्याकडं तूर आणि परहाटी माथ्यापर्यंत आलेली असते, नाल्याकाठी घाणेरीची जाळी असते. वाघाला दडायला एवढं पुरतं. वाटेत त्याच्याकडून माणूस जखमी झाला तो एका प्रसंगी, वाघ विसावला होता त्या झुडपात लोक शिरले तेव्हा. म्हणून मी पुनःपुन्हा लिहितो, की गावाजवळ वाघ आल्याचं कळलं तर मोबाइल घेऊन धावू नका. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा आणि वनविभागाला कळवा.

वॉकर काही एकटा नाही. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ २०१३ मध्ये शेतं, रस्ते ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्यात आला आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये दिसेनासा होईपर्यंत त्यानं ते जंगल गाजवलं. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच आणखी एक नर थेट धाराशिवच्या येडशी रामलिंग घाटात निघाला.

प्रश्न : सिल्लारीच्या सफारीत गाईडनं एक खोड दाखवलं. वाघानं इथं फवारलंय आणि त्याला शिजलेल्या भातासारखा वास येतो, असं तो म्हणाला. हे खरं की ऐकीव?
– एक शिक्षिका, रामटेक

उत्तर : अगदी खरं. वाघ झाडाकडं पाठ करतो, शेपूट उभारतो आणि मागच्या मागं खोडावर जोरात फवारा सोडतो. खोड तिरकं असेल तर बहुधा त्याची खालची, पावसापासून आडोशाची बाजू निवडतो. या फवाऱ्यात मूत्राबरोबर चरबीयुक्त पदार्थ असतात, त्यामुळं वास लगेच उडून जात नाही. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधले रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघाच्या वासाचा अभ्यास अनेक वर्षं केला. त्यांना त्यात जे रसायन सापडलं, त्याचं नाव टू-अ‍ॅसिटाइल-वन-पायरोलिन. बासमतीचा सुवास याच रसायनाचा. भंडारा-गोंदियाकडचा चिन्नोर रांधताना घरभर जो घमघमाट सुटतो तोही यानंच.

हा वास म्हणजे वाघाचा निरोप असतो. मागून येणारा वाघ खोडाशी नाक नेतो, मग तोंड वर करून ओठ मुडपतो, जीभ थोडी बाहेर काढतो आणि क्षणभर तसाच थांबतो. फोटोत तो हसतोय असं वाटतं. प्रत्यक्षात टाळूतल्या एका खास इंद्रियापर्यंत तो वास पोहोचवत असतो. इथून नर गेला की मादी, ओळखीचा की परका, मादी माजावर आहे का, किती वेळ झाला, हे सगळं त्याला त्यातून कळतं. वास ताजा असेल तर बरेचदा तो वाट बदलतो. वाघ एकटा राहतो हे खरं, पण शेजाऱ्यांची खबर त्याला कायम असते आणि त्यामुळंच कितीतरी झुंजी टळतात. हद्दीचा धनी मेला, फवारे जुने झाले, की काही आठवड्यांतच शेजारी आत सरकतात. निरोप थांबला हे त्यांना आपल्याही आधी समजतं.

प्रश्न : एवढा भडक नारिंगी प्राणी चितळांना दिसत कसा नाही?
– एक विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : त्यांना तो नारिंगी दिसतच नाही. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या असतात, हरणांच्या डोळ्यांत दोनच. नारिंगी आणि हिरवा त्यांना जवळजवळ सारखे दिसतात. वरून काळे पट्टे अंगाचा आकार मोडतात. गवतात वाघ हलला नाही तर चितळ त्याच्या अगदी जवळ येऊन चरतं.

प्रश्न : वाघीण आयुष्यात किती पिल्लं वाढवू शकते? आणि नर पिल्लं मारतो म्हणतात, ते खरं का?
– एक वाचक, उमरेड

उत्तर : आपल्या शेजारचंच उदाहरण देतो. खवासा ओलांडला की मध्य प्रदेशचं पेंच लागतं. तिथल्या ‘कॉलरवाली’नं आठ वेळा मिळून २९ बछडे दिले, त्यातली एक वीण तर पाच बछड्यांची. १५ जानेवारी २०२२ ला ती गेली, तेव्हा गावकऱ्यांनी तिच्या पार्थिवाला फुलं वाहून निरोप दिला. ही वाघीण जगावेगळी. एरवी एका वेळी दोन-तीन बछडे होतात आणि त्यातले बरेच मोठे होईपर्यंत टिकत नाहीत.

नर मारतो ती दुसऱ्याची पिल्लं. हद्द नव्यानं जिंकली की हे घडतं, कारण पिल्लं गेली की मादी लवकर माजावर येते. स्वतःच्या पिल्लांशी मात्र तो शांत असतो. उन्हाळ्यात एकाच पाणवठ्यावर नर, मादी आणि बछडे पाण्यात बसलेले आढळतात.

प्रश्न : शिवनी महामार्गाखालचे मार्ग वाघ खरंच वापरतात का?
– एक वाचक, मनसर

उत्तर : वापरतात. पेंचमधून जाणाऱ्या महामार्ग ४४ वर रस्ता उचलून खाली प्राण्यांना वाट ठेवली आहे. अशा नऊ वाटा आहेत, सर्वांत लांब ७५० मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेनं तिथं कॅमेरे लावले, तेव्हा १८ प्रजातींचे प्राणी त्यांतून जाताना टिपले गेले, वाघही त्यात होते. ही सोय सगळीकडं मात्र नाही. डिसेंबर २०१७ मध्ये बोरचा ‘बाजीराव’ हा वाघ अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत मेला. बोरकडून काटोलकडं जाणाऱ्या वाघांना हा रस्ता ओलांडावाच लागतो. मनसरला झालं ते तिथंही व्हायला हवं, आणि नागपूरकरांनी ते मागायला हवं. तोवर या पट्ट्यातून रात्री गाडी हाकताना वेग कमी ठेवा.